पंचांग आणि आकाशाचा ताळा

पानिपतचा घनघोर संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस, बुधवारी झाला; आणि चौदा जानेवारी म्हटली की आपल्याला तिळगुळाची आठवण होत असल्यामुळे, ऐन संक्रांतीच्या दिवशीच मराठी दौलतीवर संक्रांत कोसळली, असे व्याख्यानांतून आणि शालेय निबंधांतून मोठ्या आवेशाने सांगण्याची वहिवाट पडून गेली आहे. वाक्य परिणामकारक आहे खरे, परंतु त्याला पंचांगाचा आधार नाही. त्या वर्षी सूर्याचे मकर राशीतील संक्रमण १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेले होते, आणि लढाईला तोंड लागले तेव्हा संक्रांत उलटून चार दिवस झाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हीच संक्रांत १३ जानेवारीस येई, आपल्या लहानपणी ती १४ तारखेला मुकरर झालेली होती, आणि आता ती कधी १४ तर कधी १५ जानेवारीस येते. जो सण इंग्रजी तारखेला बांधलेला आहे अशी सर्वांची समजूत, तोच सण अशा मंद गतीने पुढे पुढे सरकत आहे. आणि हे सरकणे का घडते, याचा विचार करू लागले असता आपल्या पंचांगाचे सारे मर्म हळूहळू उलगडू लागते.

कालगणनेपुढील अडचण मुळात निसर्गाने निर्माण केलेली आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याने अहोरात्र होते, चंद्र सूर्यापासून निघून पुन्हा सूर्याला गाठतो त्याने महिना होतो, आणि सूर्य नक्षत्रचक्रातील आपल्या स्थानी परत येतो त्याने वर्ष होते. परंतु या तिन्ही मानांपैकी एकानेही दुसऱ्याला निःशेष भाग जात नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा. असे बारा मास म्हणजे ३५४ दिवस आणि सुमारे नऊ तास. सौर वर्ष मात्र ३६५ दिवस आणि सहा तासांहून थोडे अधिक. म्हणजे दरसाल अकरा दिवसांस थोडी कमी अशी बाकी शिल्लक राहते. इस्लामी कालगणनेने सूर्य सोडून दिला आणि पाश्चात्त्य कालगणनेने चंद्र सोडून दिला, म्हणून दोघांचेही काम सोपे झाले. आपल्या पूर्वजांनी दोघांपैकी कोणालाही सोडले नाही, आणि म्हणून त्यांच्या वाट्याला गणित आले.

या गणितातील लहान नाणे म्हणजे घटिका. अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे. आजच्या मापाने घटिका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे, आणि अडीच घटिकांचा एक तास. ही घटिका मोजण्याचे साधन इतके साधे होते की त्याच्या साधेपणाचेच नवल वाटावे. तांब्याचे एक अर्धगोल पात्र, त्याच्या बुडाशी एक बारीक छिद्र, आणि ते तरंगत ठेवण्यासाठी पाण्याने भरलेले एक मोठे भांडे. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे, पात्र जड होत जाई, आणि ते बुडाले की घटिका पूर्ण झाली असे समजून घटिका मोजणारा टोला देई व पात्र पुन्हा तरंगत ठेवी. मंगलाष्टकांच्या प्रसंगी उपाध्याय हेच घटिपात्र पुढे घेऊन बसत असत. परंतु ते छिद्र केवढे असावे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाणी गळणाऱ्या कुंभाच्या छिद्रासाठी, चार माष सोन्याची चार अंगुळे लांब सळई करून तिच्या जाडीचे माप धरावे, असे सांगितले आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ही सोन्याच्या सळईची खटपट बाजूला सारली. पात्र हवे तसे करावे, ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे, आणि त्या संख्येने साठास भागून त्या पात्राचे मान काढावे, इतकेच त्यांचे म्हणणे. साधन ग्रंथात सांगितलेल्या मापाबरहुकूम आहे की नाही, यापेक्षा ते आकाशाशी जुळते की नाही हे पाहणारी ही बुद्धी आहे, आणि या लेखात पुढे ज्यांची नावे येतील त्यांच्यापैकी थोर म्हणावेत असे सर्व जण याच बुद्धीचे होते. (भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या विवाहाच्या वेळी तिच्या अलंकारातील मोती घटिपात्राच्या छिद्रात अडकून मुहूर्त टळला, ही कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या लीलावती या ग्रंथाच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून प्रचारात आली, कथा गोड आहे, पण भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही.) बाबरालाही या घटिकांचे मोठे कुतूहल वाटले. रात्री जाग आलेल्या माणसाला टोल्यांवरून कितवी घटिका ते कळे, पण कितवा प्रहर ते कळत नसे, म्हणून घटिकेच्या टोल्यांनंतर प्रहराचेही टोले द्यावेत असा हुकूम आपण केला, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे.

घटिका ही अशी हाताने मोजता येणारी वस्तू. तिथीचे तसे नाही. तिथी म्हणजे दिवस, असे आपण व्यवहारात बोलतो, पण वस्तुतः तिथी हा एक कोन आहे. अमावास्येच्या क्षणी सूर्य आणि चंद्र एकाच रेखांशावर असतात. तेथून चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की प्रतिपदा संपली, चोवीस अंश गेला की द्वितीया संपली, आणि एकशे ऐंशी अंशांचे अंतर पडले की पौर्णिमा संपली. पण चंद्र काही एकसारख्या वेगाने चालत नाही. पृथ्वीच्या निकट असता तो दिवसाला सुमारे पंधरा अंश धावतो, दूर असता बारा अंशांच्याही आत राहतो. म्हणून कोणतीही तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी पावणेसत्तावीस तासांपर्यंत रेंगाळते. आता, सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल तीच त्या दिवसाची तिथी, असा नियम आहे. समजा, एकादशी सकाळी सात वाजता, सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने लागली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहालाच संपली. तर तिच्या वाट्याला एकही सूर्योदय आला नाही. असे झाले म्हणजे पंचांगात दशमीनंतर एकदम द्वादशी दिसते आणि कडेला क्षयतिथीची नोंद असते. उलट एखादी लांबलेली तिथी दोन सूर्योदय व्यापते, तेव्हा ती वृद्धितिथी. तिथीचे सरासरी मान चोवीस तासांहून सुमारे तेवीस मिनिटांनी कमी असल्यामुळे क्षय हे वृद्धीपेक्षा अधिक होतात, आणि दोहोंची वजाबाकी केली असता साधारण चौसष्ट दिवसांत एक तिथी गळते.

यात स्थळाचाही प्रश्न आहे. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांवर अंतर असल्यामुळे नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या आधी सुमारे एक घटिका होतो. तिथीचा अंत मात्र साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो, कारण तो आकाशातील कोन आहे. तो क्षण जर नेमका त्या दोन सूर्योदयांच्या मध्ये येऊन पडला, तर नागपूरला दशमी आणि मुंबईला त्याच दिवशी एकादशी, असा प्रकार होणे शक्य आहे. आणि त्यात पंचांगकर्त्याचा काडीचाही अपराध नसतो.

सणांची व्यवस्था तर केवळ सूर्योदयावर चालत नाही. गणेशचतुर्थीला मध्यान्ही असलेली चतुर्थी हवी, जन्माष्टमीला मध्यरात्री असलेली अष्टमी हवी, संकष्टीला चंद्रोदयी चतुर्थी हवी, आणि प्रदोषाला सूर्यास्तानंतरची त्रयोदशी हवी. दोन दिवस तिथी असली तर कोणता घ्यावा, एकही दिवस नीट नसली तर काय करावे, याविषयी धर्मशास्त्रकारांनी केलेला काथ्याकूट पाहिला म्हणजे दिवाणी न्यायालयातील एखाद्या नामांकित वकिलानेही हात टेकावेत. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये धर्मसिंधू लिहून हा सारा पसारा सामान्य भिक्षुकाच्या आवाक्यात आणला, आणि आपल्याकडील सणांचे निर्णय आजही बहुतांशी त्याच ग्रंथाच्या आधारे दिले जातात. पंचांगाच्या उरलेल्या अंगांपैकी वार सोडला तर नक्षत्र, योग आणि करण यांचे गणित तिथीच्याच जातीचे असल्यामुळे त्यांच्या खोलात येथे शिरत नाही.

आता त्या अकरा दिवसांच्या बाकीकडे वळू. ही बाकी साचत साचत सुमारे साडेबत्तीस महिन्यांत एका चांद्रमासाएवढी होते, आणि तेव्हा एक महिना अधिक धरून हिशेब चुकता करण्यात येतो. पण तो महिना कोणता, हे राजाज्ञेने किंवा पंचांगकर्त्याच्या मर्जीने ठरत नाही. ज्या चांद्रमासात सूर्य एकही राशी ओलांडत नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच नाही, तो अधिक, एवढा एकच नियम. हा नियम मला भारतीय ज्योतिषातील अत्यंत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो, कारण तो कोणत्याही कोष्टकाशिवाय आपोआप दुरुस्ती करून घेतो. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या निकट असते आणि तेव्हा सूर्य जलद चाललेला दिसतो; धनु राशी तो एकोणतीस दिवस आणि काही तासांतच ओलांडतो, उलट मिथुन ओलांडायला त्याला साडेएकतीस दिवसांहून अधिक लागतात. म्हणून अधिक महिने बहुधा उन्हाळ्या-पावसाळ्याच्या बाजूला पडतात, आणि हिवाळ्यात क्वचित याच्या अगदी उलट घडते: एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि एक महिना चक्क लुप्त होतो. हा क्षयमास. त्या वर्षी त्याच्या मागेपुढे दोन अधिक मास पडून तोल सांभाळला जातो. भास्कराचार्यांनी शके ९७४ मध्ये होऊन गेलेल्या क्षयमासाचा उल्लेख करून पुढील क्षयमास शके १११५, १२५६ आणि १३७८ मध्ये पडतील असे लिहून ठेवले आहे. म्हणजे त्यांपैकी शेवटचा त्यांच्या ग्रंथानंतर तीनशे सहा वर्षांनी यावयाचा होता. आपल्या काळात शके १८८५ आणि शके १९०४ या वर्षी क्षयमास पडले. यानंतरचा इसवी सन २१२३-२४ मध्ये आहे, तेव्हा त्याची चिंता आपण पुढील पिढ्यांवर सोपवावी हे बरे.

धर्मकृत्ये अशी चंद्राच्या स्वाधीन असली, तरी शेतीची आणि सारावसुलीची कामे सूर्याच्याच हिशेबाने चालवावी लागत. मराठी दप्तरांतील कागदांवर जो शुहूर सन आढळतो, तो लिहिला जाई अरबी अंकशब्दांत, पण त्याचा आरंभ होई सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करी त्या दिवशी. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. आपला शेतकरी आजही मृगाचा, आर्द्रेचा आणि हस्ताचा पाऊस म्हणतो, तेव्हा तो सूर्याच्या नक्षत्राविषयी बोलत असतो. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि चंद्राच्या तिथीचा या पावसाशी काहीही संबंध नसतो.

येथपर्यंत सर्व ठीक; परंतु संक्रांत सरकते का, या मूळ प्रश्नाचे उत्तर अद्याप राहिले आहे. संक्रांत ज्याच्या आधारे काढली जाई त्या सूर्यसिद्धान्त या जुन्या ग्रंथातील वर्ष ३६५ दिवस, १५ घटिका, ३१ पळे आणि सुमारे ३१ विपळे इतके आहे. ऋतू आणि इंग्रजी तारखा ज्याच्यावर अवलंबून असतात ते सांपातिक वर्ष याहून जवळजवळ एका घटिकेने लहान आहे. याचे मुख्य कारण असे की, वसंतसंपाताचा बिंदू नक्षत्रांतून दरसाल सुमारे पन्नास विकला मागे सरकतो. आणि शिवाय सूर्यसिद्धान्ताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहूनही साडेआठ पळांनी मोठे आहे. वर्षाला एक घटिका, म्हणजे साठ वर्षांत एक दिवस. माणसाच्या आयुष्यात हे ध्यानातही येऊ नये. पण दीड हजार वर्षांत त्याचे तेवीस-चोवीस दिवस झाले आहेत, आणि म्हणून खरे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होत असताना आपण ते जानेवारीच्या मध्यास साजरे करतो.

चुका साचतात हे आपल्या जुन्या ज्योतिष्यांना ठाऊक नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव रचला, तेव्हा त्यांनी कोणत्याही एका सिद्धान्ताचा पक्ष धरला नाही. सूर्य सौरपक्षाचा, म्हणजे सूर्यसिद्धान्ताचा, घेतला, चंद्र त्याच पक्षाचा पण नऊ कला कमी करून घेतला, आणि इतर ग्रह ज्या ज्या ग्रंथाने आकाशाशी जुळले त्या त्या ग्रंथाचे घेतले. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हेही असेच वेध घेणारे होते. अकरा वर्षांची, म्हणजे ४०१६ दिवसांची चक्रे पाडून आणि ज्या-चापांची कटकट टाळून गणेश दैवज्ञांनी गणित इतके सोपे केले की पुढील चारशे वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे बहुतेक त्याच ग्रंथावरून होत राहिली. आणि येथेच दुर्दैव ओढवले. ज्या पुरुषाने वेध घेऊन जुन्या ग्रंथांना संस्कार दिला, त्याच्याच ग्रंथाला संस्कार देणे हे पुढील पिढ्यांना पाप वाटू लागले. तिथी कमाल पाच घटिकांनी वाढते आणि सहा घटिकांनी घटते, हे बाणवृद्धी-रसक्षयाचे सूत्र इतके रूढ झाले की, प्रत्यक्ष आकाशात वाढ सात घटिकांची आणि घट दहा घटिकांची होते, असे सूक्ष्म गणिताने दाखविले, तेव्हा आकाशच अशास्त्रीय ठरविण्यापर्यंत काही मंडळींची मजल गेली.

एकोणिसाव्या शतकात या स्थितीला पहिला धक्का केरो लक्ष्मण छत्रे यांनी दिला. १८६० मध्ये त्यांची ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध झाली आणि पुढे पाच वर्षांनी त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्याही पुढे जाऊन संपातापासूनच गणना करणाऱ्या सायन पंचांगाचे कैवारी झाले. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा ग्रंथ १८९६ मध्ये बाहेर पडला. दापोलीजवळच्या मुरूडचा हा शिक्षक वयाची पन्नाशीही न गाठता १८९८ मध्ये वारला, पण त्या विषयावर त्याच्या तोडीचा ग्रंथ मराठीत पुन्हा झालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक या वादात उतरले, १९०४ मध्ये मुंबईस पंचांग-परिषद भरली, आणि पुढे पुणे व सांगली येथेही खल झाला. गणित सूक्ष्म असावे हे बहुतेकांना पटले. घोडे अडले ते राशिचक्राच्या आरंभस्थानावर. कारण आकाशात मेषारंभाचा खांब कोणी रोवून ठेवलेला नाही. छत्रे-टिळक यांनी झीटा पिशियम हा मंद तारा रेवतीचा योगतारा मानून तेथून आरंभ धरला, आणि बागलकोटच्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी तेजस्वी चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरून आरंभबिंदू काढला. दोहोंत फरक फक्त चार अंशांचा. पण चार अंश म्हणजे संक्रांतीचे चार दिवस, आणि संक्रांत चार दिवस अलीकडे गेली की कधी कधी तिच्याबरोबर अधिक मासही बदलतो. शके १९३४ मध्ये, म्हणजे २०१२ साली, चित्रापक्षाच्या पंचांगांत भाद्रपद अधिक होता, टिळक पंचांगात नव्हता. त्यामुळे कोकणातील आणि इतरत्रच्या टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतील गणपती ऑगस्टमध्ये आले व गेले, आणि बाकीच्या महाराष्ट्राने १९ सप्टेंबरला मूर्ती बसविली.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कालगणना-सुधारणेसाठी एक समिती नेमली. तीत पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी हे दोन महाराष्ट्रीय होते. समितीचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानुसार २२ मार्च १९५७ रोजी भारतीय सौर चैत्र १, शके १८७९ या दिवसाने राष्ट्रीय कालगणना सुरू झाली. वैशाख ते भाद्रपद एकतीस दिवसांचे, उरलेले महिने तीस दिवसांचे, प्लुत वर्षी चैत्रास एक दिवस अधिक: इतकी सरळ, ऋतूंशी घट्ट बांधलेली आणि सहज पाठ होणारी दिनदर्शिका जगात क्वचितच असेल. ती सरकारी राजपत्रावर छापली जाते, आकाशवाणीवर उच्चारली जाते, आणि कोणीही वापरत नाही. धार्मिक पंचांगांसाठी समितीने चित्रापक्षाच्या जवळचा अयनांश, म्हणजे संपात आणि आरंभस्थान यांमधील अंतर, निश्चित केला, त्यामुळे सूक्ष्म गणिताचा आणि आरंभस्थानाचा वाद बहुतांशी मिटला. मात्र सणांचे महिने ऋतूंपासून सरकत चालले आहेत, या मूळ दुखण्याला तिलाही हात घालता आला नाही. माझ्या मते सायनवाद्यांची बाजू शास्त्रदृष्ट्या बिनतोड होती, आणि लोकांच्या सवयीपुढे ती हरली.

ज्या वाचकांना हे सर्व नुसते वाचून सोडावयाचे नसेल, त्यांनी २१ मार्चच्या दिवशी गच्चीवर बारा इंच उंचीची एक काठी अगदी ओळंब्यात उभी करून तिच्या छायेच्या टोकाशी दर अर्ध्या तासाने खडूची खूण करावी. त्या दिवशी या खुणा पश्चिमेकडून पूर्वेकडे जवळजवळ सरळ रेषेत पडतात, आणि भर माध्यान्ही, म्हणजे पुण्यात घड्याळात पावणेएक वाजण्याच्या सुमारास, छाया सर्वांत आखूड होते. जुन्या ज्योतिष्यांनी बारा अंगुळांच्या शंकूच्या या विषुवदिनीच्या छायेला पलभा म्हटले आहे. पुण्याची पलभा चार अंगुळे आहे, आणि नागपूरची साडेचारांहून थोडी अधिक.